परतावा माणशी, तेल घरामागे: अटलांटिक कॅनडातील कार्बन शुल्काचे प्रकरण

२६ ऑक्टोबर २०२३ रोजी कॅनडाचे तत्कालीन पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी घर तापवण्याच्या तेलावरील संघीय कार्बन शुल्क तीन वर्षांसाठी थांबवत असल्याचे जाहीर केले. ही स्थगिती ९ नोव्हेंबरपासून लागू झाली आणि तिची मुदत ३१ मार्च २०२७ पर्यंत ठरवण्यात आली. ज्या सरकारने हे शुल्क विरोधी प्रांतांशी झगडून सर्वोच्च न्यायालयात टिकवले होते, त्यानेच एका विशिष्ट इंधनाला त्यातून वगळले. त्यानंतर अठरा महिन्यांच्या आत सर्वसामान्य ग्राहकांवरील संपूर्ण शुल्कच गुंडाळले गेले. कार्बन कर घरगुती इंधनखर्चापर्यंत कसा पोहोचतो, कोणाला कितपत झोंबतो आणि त्यावरचा उपाय कुठे चुकतो, हे समजून घ्यायला अटलांटिक किनाऱ्यावरच्या चार प्रांतांचा हा अनुभव फार उपयोगी आहे. म्हणून येथे त्याचा हिशेब शक्य तितक्या बारकाईने मांडला आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. २०१८ साली कॅनडाच्या संसदेने हरितगृह वायूंच्या प्रदूषणावर किंमत आकारण्याचा कायदा केला. ज्या प्रांताची स्वतःची पुरेशी व्यवस्था नसेल, तिथे संघीय इंधन शुल्क लागू होईल अशी त्यात तरतूद होती. एप्रिल २०१९ मध्ये ओंटारिओ, मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि न्यू ब्रन्सविक येथे कार्बन डायऑक्साइडच्या टनाला २० डॉलर या दराने सुरुवात झाली (येथून पुढे डॉलर म्हणजे कॅनडाचा डॉलर). मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने कायदा वैध ठरवला. दर टप्प्याटप्प्याने वाढत २०२२ मध्ये ५० आणि एप्रिल २०२३ मध्ये ६५ डॉलर झाला, आणि २०३० पर्यंत तो १७० वर न्यायचा बेत होता. जमा झालेल्या रकमेचा सुमारे ९० टक्के भाग कुटुंबांना थेट परत दिला जात असे, आधी कर विवरणपत्रातून आणि २०२२ पासून तिमाही परताव्याच्या रूपाने.

यातला परताव्याचा भाग आपल्याकडच्या वाचकाला गॅस सिलिंडरच्या अनुदानावरून चटकन लक्षात येईल. सिलिंडर घेताना पूर्ण किंमत मोजायची आणि अनुदान नंतर बँक खात्यात जमा व्हायचे, तसाच हा प्रकार होता. फरक इतकाच, आणि तोच महत्त्वाचा, की कॅनडातील परतावा तुम्ही किती इंधन जाळले यावर अवलंबून नव्हता. कमी जाळणाऱ्यालाही तेवढाच मिळे, म्हणून कमी जाळणाऱ्याच्या हाती पैसे उरत.

तेलावर तापणारी घरे

नोव्हा स्कॉशिया, न्यू ब्रन्सविक, प्रिन्स एडवर्ड आयलंड आणि न्यूफाउंडलंड अँड लॅब्रडॉर हे ते चार प्रांत. नैसर्गिक वायूच्या नळवाहिन्या या भागात फारशा पोहोचलेल्या नाहीत, त्यामुळे कॅनडातील बहुतेक शहरांत जे काम वायू करतो ते इथे पिढ्यान्‌पिढ्या तेल करत आले. सरकारच्याच आकड्यांनुसार देशभरात सुमारे ११ लाख घरे तेलावर तापत होती, तर अटलांटिक प्रांतांतील जवळपास ३० टक्के घरे तेलावर अवलंबून होती. घरेही जुनी, लाकडी, फटींतून वारा येणारी, आणि पुष्कळदा मुले शिकायला वा नोकरीला बाहेर गेल्यावर त्यांत एकटे म्हातारे माणूस राहणारे.

या तेलाचा व्यवहार वीजबिलासारखा महिन्याला थोडाथोडा होत नाही. तळघरात किंवा घराच्या भिंतीला लागून साधारण ९०० लिटरची पोलादी टाकी असते. टँकरवाला रस्त्यावर गाडी उभी करून लांब नळी ओढत आणतो, भिंतीतल्या भरणनळीला ती जोडतो आणि कान देऊन उभा राहतो. टाकीतली हवा बाहेर पडताना आत बसवलेली शिट्टी वाजत राहते, आणि तेल तिच्यापर्यंत चढले की शिट्टी थांबते, म्हणजे टाकी भरली. मग पावती हाती येते. लिटरला दीड डॉलर भाव धरला तरी टाकी पुरती रिकामी असल्यास ही एका वेळची रक्कम १,३०० डॉलरच्या पुढे जाते, आणि हिवाळ्यात अशी वेळ एकाहून अधिक वेळा येते. ज्यांना इतके पैसे एकदम जमत नाहीत ते थोडे थोडे मागवतात, पण किमान मागणीची अट असते. तेलच संपले तर पेट्रोलपंपावरून डब्यात डिझेल आणून टाकीत ओतायची पाळी येते. शुल्क या पावतीतून वसूल होत होते, हे पुढच्या सगळ्या चर्चेत लक्षात ठेवावे लागते.

शुल्काआधीही या तेलाचा भाव स्थिर नव्हताच. युक्रेनवरील आक्रमणानंतर २०२२ मध्ये काही आठवडे तो या भागात लिटरला दोन डॉलरच्या पुढे गेला होता. त्या वाढीत संघीय कार्बन शुल्काचा एक सेंटही नव्हता, कारण त्या वेळी इथल्या घरगुती तेलावर ते लागूच नव्हते. न्यूफाउंडलंड आणि प्रिन्स एडवर्ड आयलंड यांनी स्वतःच्या प्रांतिक कार्बन करातून घर तापवण्याच्या तेलाला वगळले होते, आणि नोव्हा स्कॉशियात उत्सर्जन परवान्यांच्या खरेदी-विक्रीची निराळी व्यवस्था होती, जिचा घरगुती भावावर नगण्य परिणाम होता.

या प्रांतिक व्यवस्था संपल्या आणि १ जुलै २०२३ रोजी चारही प्रांतांत संघीय शुल्क आले (न्यू ब्रन्सविकमध्ये ते परतले, कारण मधल्या काळात तिथे प्रांताचा स्वतःचा कर होता). एक लिटर तेल जाळल्यावर सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. टनाला ६५ डॉलर या दराने त्याचे लिटरला १७ सेंटांहून थोडे अधिक होतात, म्हणजे तेव्हाच्या भावाचा अंदाजे दहावा हिस्सा. ओंटारिओच्या किंवा मॅनिटोबाच्या रहिवाशाने हेच शुल्क २० डॉलरपासून सुरू होऊन चार वर्षांत पायरीपायरीने चढताना पाहिले होते. न्यू ब्रन्सविक सोडल्यास, तेलावर घर तापवणाऱ्या अटलांटिक रहिवाशाच्या पावतीवर ते ६५ डॉलरच्या दराने एकाच दिवशी उतरले, आणि तेही भाववाढीने पोळलेल्या हिवाळ्यानंतर लगेच. माझ्या मते या प्रकरणातील पहिली चूक इथे झाली. शुल्क हळूहळू वाढवण्यामागचा सारा हेतू लोकांना जुळवून घ्यायला अवधी मिळावा हा असतो, आणि ज्यांना तो सर्वात जास्त हवा होता त्यांनाच तो मिळाला नाही.

घराघरांचा हिशेब

आता प्रत्यक्ष आकडेमोड पाहू. खालील घरे उदाहरणादाखल कल्पिलेली आहेत, मात्र शुल्काचे आणि परताव्याचे दर त्या काळचे खरे आहेत. विक्रीकर आणि वस्तूंच्या किमतींतून येणारा अप्रत्यक्ष भार हिशेबात घेतलेला नाही.

नोव्हा स्कॉशियाच्या ग्रामीण भागातील चौघांचे कुटुंब वर्षाला २,००० लिटर तेल घरासाठी आणि २,५०० लिटर पेट्रोल गाड्यांसाठी वापरते असे धरू. २०२३ च्या दराने तेलावर ३४८ डॉलर आणि पेट्रोलवर, लिटरला १४.३ सेंटप्रमाणे, सुमारे ३५८ डॉलर, असे मिळून ७०६ डॉलर शुल्क होते. चौघांच्या कुटुंबाला परतावा तिमाहीला २४८ डॉलर, म्हणजे पूर्ण वर्षाच्या दराने ९९२ डॉलर होता. ग्रामीण रहिवाशांसाठीची १० टक्के पूरक रक्कम धरून तो १,०९१ डॉलर होतो. म्हणजे तेलावर घर तापवूनही या कुटुंबाच्या हाती ३८५ डॉलर उरतात. सरकार वारंवार सांगत होते की बहुतेक कुटुंबांना भरल्यापेक्षा जास्त परत मिळते. थेट इंधनखर्चापुरते पाहिले तर या कुटुंबाबाबत ते बरोबर होते.

शेजारच्या घरात एकटी आजी राहते असे समजू. घर जुने, छतात उष्णतारोधक थर नाही, वर्षाला ३,००० लिटर तेल लागते, गाडी मात्र क्वचित निघते, ६०० लिटर पेट्रोल पुरते. तेलावरचे शुल्क ५२२ डॉलर, पेट्रोलवरचे ८६, एकूण ६०८. एकट्या व्यक्तीचा परतावा वर्षाला ४९६ डॉलर, ग्रामीण पूरक रकमेसह सुमारे ५४६. तिला ६२ डॉलरचा तोटा होतो.

तोटा मोठा नाही हे खरे, पण त्याचे कारण मूलभूत आहे. परतावा माणशी ठरतो आणि तेल घरामागे जळते. चौघे राहत असोत की एक, खोल्या तापवायला लागणारे तेल फारसे बदलत नाही. पेट्रोलचे तसे नाही. माणसे कमी तर सहसा फेऱ्याही कमी. म्हणून पेट्रोलसाठी बऱ्यापैकी न्याय्य ठरणारी ही रचना घर तापवण्याच्या तेलाच्या बाबतीत नेमकी एकट्या, वृद्ध आणि गळक्या घरात राहणाऱ्या माणसापाशी तोकडी पडते. सरासरी काढली की ही आजी त्यात दिसेनाशी होते. सरकारचे सरासरीचे दावे आणि लोकांचा संताप यांच्यातील दरीचा पुष्कळसा उलगडा मला यात सापडतो.

उरलेला उलगडा पैसे येण्याजाण्याच्या रीतीत आहे. शुल्क जानेवारीच्या थंडीत तेलाच्या पावतीवर दिसत होते, तर परतावा तिमाहीतून एकदा खात्यात जमा होत होता, आणि पुष्कळ बँकांच्या नोंदीत तो कशाचा आहे हे नीट कळतही नव्हते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने त्याचे नाव बदलून ‘कॅनडा कार्बन रिबेट’ केले आणि नोंदीत ते स्पष्ट दिसावे म्हणून बँकांकडे पाठपुरावा केला, तोवर जवळपास पाच वर्षे उलटली होती. शिवाय तो मिळण्यासाठी कर विवरणपत्र भरावे लागे आणि नव्याने देशात आलेल्यांना वेगळा अर्ज करावा लागे. नोव्हा स्कॉशियातल्या केप ब्रेटन विद्यापीठात शिकायला भारतातून आलेली, सिडनी गावातल्या जुन्या तेलवाल्या घरांत वाटून भाड्याने राहणारी पुष्कळ मुले (त्यांत मराठीही आली) या वर्गात मोडत होती. करारानुसार तेलाचा खर्च भाडेकरूवर असेल तर शुल्क त्याने भरायचे, पण फर्नेस (घर तापवणारी तेलाची भट्टी) बदलायची की नाही हे ठरवणार घरमालक. भाडेकरूपर्यंत किमतीचा इशारा, म्हणजे इंधन महागल्याने ते कमी जाळण्याचा संकेत, पोहोचूनही त्यावर कृती करणे त्याच्या हातात नव्हते.

सूट आणि तिची किंमत

राजकीय दबाव शुल्क येण्याआधीपासूनच होता. न्यूफाउंडलंडचे प्रीमियर (प्रांताचे मुख्यमंत्री) अँड्र्यू फ्युरी हे स्वतः ट्रुडोंच्याच लिबरल पक्षाचे असूनही विरोधात बोलत होते. त्याच प्रांतातील लिबरल खासदार केन मॅकडोनाल्ड यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये कार्बन कराविरोधातील, प्रमुख विरोधी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या ठरावाच्या बाजूने मत दिले. महिनाअखेरीस पंतप्रधानांनी स्थगिती जाहीर केली, तेव्हा त्यांच्या पाठीशी अटलांटिक भागातील खासदार उभे होते. सोबत आणखी दोन निर्णय होते: ग्रामीण पूरक रक्कम एप्रिल २०२४ पासून १० वरून २० टक्के, आणि मध्यम व त्याहून कमी उत्पन्नाच्या घरांना तेलावरून हीट पंपावर (विजेवर चालणाऱ्या तापन यंत्रावर) जाण्यासाठी मिळणारे संघीय अनुदान, प्रांताने सहभाग दिल्यास, १०,००० वरून १५,००० डॉलर. स्थगितीमुळे तेलावरील सरासरी घराचे वर्षाला सुमारे २५० डॉलर वाचतील असे सरकारने सांगितले. तेव्हाच्या दराने हे १,४५० लिटरांच्या आसपासचे शुल्क होते.

सूट सर्व तेलग्राहकांना होती, संघीय शुल्क लागू असलेल्या प्रत्येक प्रांतात. पण वायूवर घर तापवणाऱ्यांना ती नव्हती, आणि प्रेअरी प्रांतांत (अल्बर्टा, सस्कॅचेवान, मॅनिटोबा) बहुतेक घरे वायूवर. तेलावर तापणारे घर वायूच्या तुलनेत दुपटीपासून चौपट खर्चिक पडते, हा सरकारचा युक्तिवाद वस्तुस्थितीला धरून होता. परंतु काही दिवसांतच ग्रामीण विकासमंत्री गुडी हचिंग्ज यांनी दूरचित्रवाणीवर प्रेअरी प्रांतांनी अधिक लिबरल खासदार निवडून द्यावेत अशा अर्थाचे उत्तर दिले, आणि खर्चाचा मुद्दा मागे पडून सूट म्हणजे मतांचा सौदा ही समजूत पक्की झाली. सस्कॅचेवानचे प्रीमियर स्कॉट मो यांनी ३० ऑक्टोबरला सांगितले की १ जानेवारी २०२४ पासून प्रांताची सरकारी वायू कंपनी घरगुती वायूवरचे शुल्क गोळा करणार नाही, आणि त्यांनी ते खरोखरच थांबवले. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सर्व प्रकारच्या घरगुती तापनाला सूट द्यावी असा कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा ठराव डाव्या एनडीपी पक्षाच्या पाठिंब्यानंतरही लिबरल आणि क्वेबेक प्रांतातला पक्ष ब्लॉक केबेक्वा यांच्या मतांनी फेटाळला गेला. पर्यावरणमंत्री स्टीव्हन गिलबो यांनी यापुढे आणखी सूट नाही असे सांगितले. पण जे तत्त्व एकदा वाकवले, ते इतरांसाठी का वाकवायचे नाही याचे पटेल असे उत्तर सरकारपाशी उरले नव्हते.

राजकारणापेक्षाही मला महत्त्वाचा वाटतो तो हिशेबातील बदल, ज्याची त्या वेळी पुरेशी चर्चा झाली नाही. परतावा प्रत्येक प्रांतात गोळा झालेल्या रकमेतून दिला जात असे. तेलावरचे शुल्क थांबल्यावर गंगाजळी आटली. एप्रिल २०२४ मध्ये दर ६५ वरून ८० डॉलर झाला तेव्हा इतर बहुतेक प्रांतांत परतावा वाढला, पण नोव्हा स्कॉशियातील चौघांच्या कुटुंबाचा वार्षिक परतावा ९९२ वरून ८२४ वर उतरला, प्रिन्स एडवर्ड आयलंडमध्ये ९६० वरून ८८० वर, आणि न्यूफाउंडलंडमध्ये १,३१२ वरून १,१९२ वर. शुल्क चढत असताना परतावा घटला.

आपल्या ग्रामीण कुटुंबाला आता तेलावर शुल्क नाही, पेट्रोलवर लिटरला १७.६ सेंटप्रमाणे ४४० डॉलर, आणि २० टक्के पूरक रकमेसह परतावा ९८९. हाती राहतात ५४९, म्हणजे पूर्वीपेक्षा १६४ जास्त. एकट्या आजीचा तोटा जाऊन तिला सुमारे ३८८ डॉलर मिळू लागतात, आणि ही निःसंशय चांगली गोष्ट आहे. पण आधीच तेल सोडून विजेवर गेलेल्या, बाकी सर्व बाबतीत तशाच असलेल्या चौघांच्या कुटुंबाकडे पाहावे. पूर्वी त्याच्या हाती ७३३ डॉलर राहत, आता ५४९. स्वतःचे पैसे घालून तेल सोडलेल्या घराचे १८४ डॉलर गेले, आणि तेलवाल्या शेजाऱ्यापेक्षा त्याला मिळणारी वर्षाची ३४८ डॉलरची आघाडी पुसली गेली. हॅलिफॅक्स शहरातल्या अशाच घराला ग्रामीण पूरक रकमेचाही आधार नव्हता. दुसऱ्या टोकाला, मोठ्या ऐसपैस घरात वर्षाला ५,००० लिटर जाळणाऱ्या श्रीमंताचे, जुन्या दरानेच, ८७० डॉलर वाचले. आजीला मदत पोहोचवायची होती, आणि ती लिटरच्या मापाने वाटल्यामुळे सर्वाधिक जाळणाऱ्याला सर्वाधिक मिळाली. एकट्या राहणाऱ्या, अल्प उत्पन्नाच्या तेलग्राहकांना परताव्यात वेगळी वाढ दिली असती तर तीच आजी तितकीच सुखरूप राहिली असती, आणि किमतीचा इशाराही शाबूत राहिला असता.

अडले होते कुठे

खरे पाहता तेल सोडण्याचा निर्णय त्या १७ सेंटांवर कधीच अडलेला नव्हता. एका लिटर तेलात सुमारे १०.७ युनिट उष्णता असते. ८० टक्के कार्यक्षमतेची फर्नेस त्यातली साधारण साडेआठ युनिटे घराला देते. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो, त्यामुळे एका युनिट विजेत सरासरी अडीच युनिट उष्णता मिळते असे धरले, तर तितक्याच उबेला ३.४ युनिट वीज पुरते. युनिटला १७-१८ सेंट दराने हे ६० सेंटांच्या आसपास होतात. तेलाचा लिटर दीड डॉलरला धरला तर शुल्क असो वा नसो, फरक ९० सेंटांचा आहे. हा फायदा समोर असूनही लाखो घरे तेलावर राहिली, कारण सुरुवातीचा खर्च. पूर्ण घराला पुरेल अशी यंत्रणा सहज दहा-पंधरा हजार डॉलरच्या पुढे जाते. जुन्या घरातले वीजफलक कमी क्षमतेचे असतात, ते आधी बदलावे लागतात, मग जुनी टाकी काढायचा खर्च. त्यात सप्टेंबर २०२२ च्या फिओना वादळाने या भागाची वीज कित्येक दिवस तोडली होती, त्यामुळे सारे घर विजेवर सोपवायला लोक कचरत होते. मात्र ही भीती पुरती तपासली जात नाही असे मला वाटते, कारण फर्नेसचा पंखा आणि बर्नरही विजेवरच चालतो.

म्हणूनच त्या दिवशीच्या घोषणेतला अनुदानाचा भाग मोलाचा होता. प्रिन्स एडवर्ड आयलंडने कमी उत्पन्नाच्या घरांना मोफत हीट पंप देण्याची प्रांतिक योजना आधीच सुरू केली होती. संघीय अनुदानाची जोड मिळाल्यावर सहभागी प्रांतांत पात्र घराला खिशातून जवळजवळ काहीच न घालता बदल करणे शक्य झाले. आजीच्या ३,००० लिटरांचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुटतो तो इथे. स्थगितीने तिचे वर्षाला ५२२ डॉलर वाचतात. हीट पंपाने, वरच्याच आकड्यांनी, २,५०० डॉलरहून अधिक वाचू शकतात, आणि तेलाचा भाव पुन्हा दोन डॉलरवर गेला तरी तिला फारशी झळ लागत नाही. ही व्यवस्था शुल्काच्या आधी दोन वर्षे नीट राबवली असती तर स्थगितीची मागणी इतकी तीव्र झाली असती असे मला वाटत नाही.

पुढचा क्रम सर्वांना माहीत आहे. १४ मार्च २०२५ रोजी पंतप्रधानपदाची शपथ घेतल्यावर मार्क कार्नी यांनी पहिल्याच दिवशी ग्राहकांवरील इंधन शुल्क शून्यावर आणण्याचा निर्णय केला. १ एप्रिलपासून तो लागू झाला, आणि त्याच महिन्यात शेवटचा परतावा जमा झाला. त्या दिवशी पेट्रोल आणि वायू स्वस्त झाले. घर तापवण्याचे तेल मात्र एका सेंटानेही उतरले नाही, कारण त्यावर शुल्क उरलेच नव्हते. आपल्या ग्रामीण कुटुंबाचे पेट्रोलवरचे ४४० डॉलर वाचले आणि परताव्याचे ९८९ गेले. ज्या तेलवाल्या घरांसाठी दीड वर्षापूर्वी खास सूट काढली होती, त्यांतल्याच या घराच्या वर्षाच्या हिशेबात ५४९ डॉलरची तूट आली.